उन्हाने काढलेले अंगाचे नकाशे

विडी वळणाऱ्या बायकांच्या अंगाच्या खऱ्या मापाच्या आकृती कापडावर उतरवायच्या आणि ती कापडे सोलापुरातल्याच लोकांपुढे टांगायची, असे काम मी हाती घेतले होते. त्यात कॅमेरा नव्हता, कुणाचा चेहरा नव्हता, कुंचलाही नव्हता. ऊन, लोहाचे क्षार, पाणी आणि इथल्याच मागावरचे कोरे कापड एवढ्या सामग्रीवर ते झाले. तरीही पाहणाऱ्यांपैकी पुष्कळांना ते एखाद्या उघड्या छायाचित्रापेक्षा धीट वाटले, काहींना ते सहन झाले नाही, आणि ज्या बायकांची ती अंगे होती त्या मात्र निर्धास्त होत्या. असे का झाले याचे उत्तर कामाच्या पद्धतीतच आहे, म्हणून ती पद्धत इथे सविस्तर लिहीत आहे.

पद्धतीचे नाव सायनोटाइप. इंग्लंडमधले शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी ती १८४२ साली शोधली आणि पुढच्याच वर्षापासून ॲना ॲटकिन्स या वनस्पतिअभ्यासक बाईंनी समुद्री शेवाळे थेट कागदावर ठेवून त्यांचे पांढरे ठसे निळ्या पार्श्वभूमीवर घेतले. पुढे हीच रीत इंजिनिअरांच्या हाती गेली आणि निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांचे नकाशे जगभर अनेक दशके तिच्यावर निघत राहिले. सोलापुरात जुनी मिल १८७७ साली उभी राहिली. तो काळ कारखान्यांचे असे निळे नकाशे निघू लागण्याचाच काळ. यंत्राचा प्रत्येक दाता, भिंतीची प्रत्येक जाडी तेव्हा मापून कागदावर उतरत होती. यंत्रापुढे बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या किंवा मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसणाऱ्या माणसाचे अंग कामाने कसे वळते, त्याचा नकाशा काढावा असे मात्र कुणाला वाटले नाही. तो नकाशा त्याच रसायनाने काढावा, ही माझी मूळ कल्पना.

अंगाचा असा ठसा घेणारी मी काही पहिली नाही. रॉबर्ट राउशेनबर्ग आणि सुझन वाइल या अमेरिकन चित्रकार जोडप्याने १९५० च्या सुमारास नकाशाच्या निळ्या कागदावर माणसे निजवून वर दिवा फिरवला होता. फ्रान्समध्ये इव्ह क्लाइनने ९ मार्च १९६० रोजी पॅरिसच्या एका दालनात निमंत्रित प्रेक्षकांसमोर, वाद्यवृंदाच्या साथीने, विवस्त्र स्त्रियांना निळा रंग लावून कागदावर ठसे उमटवायला लावले. क्लाइनचे ठसे मी पुस्तकांतून पुष्कळ वेळ पाहिले आहेत. ते देखणे आहेत, पण बाया रंगात भिजलेल्या आणि सूचना देणारा पुरुष कोट-टायमध्ये, हे चित्र मला आजही बोचते. ॲना मेंडिएटा या क्युबात जन्मलेल्या कलावतीने सत्तरच्या दशकात माती, गवत आणि वाळूत स्वतःच्या अंगाचे ठसे घेतले; त्या वाटेने जावे असे मला वाटले, कारण तिथे अंगही तिचेच आणि निर्णयही तिचाच होता.

माझा चरितार्थ लग्नसमारंभांची छायाचित्रे काढण्यावर चालतो. त्या निमित्ताने शहराच्या पूर्व भागातल्या, तेलुगू बोलणाऱ्या अनेक विडी कामगार घरांत माझे जाणे-येणे आहे आणि तिथल्या बायका मला ताई म्हणतात. त्यांची छायाचित्रे काढायला बाहेरून माणसे येतच असतात. सूप, तंबाखू, तेंदूची पाने, सुरकुतलेला हसरा चेहरा, खिडकीतून आलेला उजेड, असे ते ठरलेले छायाचित्र असते. "फोटो काढून नेतेत, पुन्हा तोंड दाखवत नाहीत," असे एका मावशींनी मला स्पष्ट ऐकवले होते. म्हणून कॅमेरा बाजूला ठेवायचे मी ठरवले. ज्या चित्रात ओळख पटणारच नाही आणि जे चित्र तिच्या अंगाखालून निघून तिच्याच हाती जाईल, असे काही करू या, हे मी त्यांना सांगितले तेव्हा पहिला प्रश्न आला, "नुसतं निजायचं?" दुसरा प्रश्न मजुरीचा होता, आणि तो अगदी रास्त होता, कारण मजुरी हजार विड्यांमागे मिळते आणि सकाळ मोडली की हजार पूर्ण होत नाहीत. तेवढी मजुरी द्यायची, हे मग पहिल्याच दिवशी ठरले.

अटी आम्ही मराठीत आणि तेलुगूत लिहून काढल्या. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना वाचून दाखवल्या. कापड तिचे. नाव कुठेही लागणार नाही. कसे निजायचे आणि अंगावर काय ठेवायचे हे ती ठरवणार. कापड टांगायचे की नाही हेही तीच ठरवणार आणि टांगल्यानंतर मन बदलले तर ते उतरवून पुसून टाकता येईल. ही शेवटची अट लिहिताना मी रसायनाच्या भरवशावर होते, त्याबद्दल पुढे येईलच.

कापडाची तयारी वाटते त्याहून कष्टाची असते. सोलापुरी चादर या कामाला चालत नाही. ती जाड, रंगीत सुताची आणि जेकॉर्ड या नक्षीच्या मागावर विणलेली असते, ठसा तिच्या नक्षीत हरवून जाईल. मी साठ इंची पन्ह्याचे कोरे सुती कापड घेतले, अडीच मीटरचे तुकडे केले. मागावर चढण्याआधी ताण्याला खळ दिलेली असते. ती कापडात राहिली तर रसायन धाग्याच्या आत शिरत नाही, वरच्यावर बसते आणि पहिल्या धुण्यात निघून जाते. म्हणून कापड रात्रभर भिजत घालून उकळायचे, चोळायचे, पुन्हा उकळायचे. खळ काढायला सोडा वापरला तर तो नंतर पूर्ण निघून जायला हवा, कारण क्षारधर्मी पदार्थ या निळ्या रंगाचा वैरी आहे. शेवटच्या पाण्यात मी चिमूटभर लिंबूसत टाकत असे.

रसायने दोनच. फेरिक अमोनियम सायट्रेट, शंभर मिलिलिटर पाण्यात पंचवीस ग्रॅम. आणि पोटॅशियम फेरीसायनाइड, तितक्याच पाण्यात दहा ग्रॅम. दोन्ही द्रावणे वेगवेगळ्या काळ्या बाटल्यांत ठेवायची आणि वापरायच्या वेळी समप्रमाणात एकत्र करायची. सायनाइड या शब्दाने बायकांच्या घरचे लोक घाबरले होते, आणि त्यांना नीट समजावून सांगणे माझे कर्तव्यच होते: त्यातला सायनाइडचा भाग लोहाला इतका घट्ट बांधलेला असतो की साध्या हाताळणीत तो सुटत नाही, मात्र त्यात तीव्र आम्ल मिसळायचे नाही, ते तापवायचे नाही आणि हातमोज्यांशिवाय बोटे बुडवायची नाहीत. एका कापडाला साधारण अर्धा लिटर मिश्रण लागते. खोलीच्या खिडक्यांना काळे कापड लावून, झिरोच्या पिवळ्या दिव्यात, प्लास्टिकच्या घमेल्यात कापड बुडवायचे, पिळायचे आणि पंख्याखाली रात्रभर वाळवायचे. सकाळी ते पोपटीकडे झुकणाऱ्या पिवळ्या रंगाचे होते. मग काळ्या पिशवीत घडी करून कामाच्या जागी न्यायचे.

कामाची जागा म्हणजे कुंभारीच्या माळावरच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतली एक गच्ची. ही वसाहत विडी कामगार बायकांसाठीच्या दहा हजार घरांची आहे. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या दुपारी गच्चीवर कुणाला निजवणे हा अत्याचारच झाला असता, म्हणून हे काम संक्रांतीनंतरच्या दिवसांत, गड्ड्याची यात्रा संपल्यावर, सकाळच्या उन्हात केले. कोवळ्या उन्हात अतिनील किरणे कमी असतात, त्यामुळे वेळ जास्त लागतो. दहा मिनिटांचे काम वीस मिनिटांवर जाते. शिवाय सूर्य एका बाजूला असल्याने सावली लांबते आणि आकृतीची एक कड फुगते. त्यावर उपाय म्हणून आम्ही पाय सूर्याकडे येतील असे निजायचे ठरवले, म्हणजे सावली डोक्याच्या पलीकडे, केसांत मिसळून जात असे. गच्चीवर चारही बाजूंनी साड्यांचा आडोसा, खाली वाकळ, तिच्यावर रसायनाचे कापड, त्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक, म्हणजे घामाने रसायन ओघळू नये आणि कातडीलाही लागू नये. आत फक्त ती, मी, आणि तिने स्वतः निवडलेली एक सोबतीण.

पहिल्या मावशी उताण्या निजल्या आणि त्यांचे खांदे जमिनीला टेकेनात. तीस-पस्तीस वर्षे मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून बसलेली पाठ सरळ व्हायला तयार नव्हती. त्या म्हणाल्या, "राहू दे ताई, टेकत नाही तर नाही टेकत." कापड धुतल्यावर जे दिसले ते मी आजही विसरू शकत नाही. जिथे अंग कापडाला घट्ट टेकले होते तिथे कड कापल्यासारखी पांढरी होती: टाचा, पोटऱ्या, कंबरेखालचा भाग. कमरेपासून वर मात्र कड विरत गेली होती, उचललेल्या खांद्यांखाली दोन्ही बाजूंनी ऊन शिरले होते आणि मानेपर्यंतचा भाग फिकट निळ्या धुक्यात तरंगत होता. कोणत्याही छायाचित्रात ही पाठ अशी दिसली नसती. तिथे आपण चेहरा पाहतो आणि चेहऱ्यावरच्या भावात गुंततो. इथे फक्त वजन कुठे पडले आणि कुठे पडले नाही एवढेच उमटले होते.

त्यानंतर बहुतेकींनी कुशीवर निजणे पसंत केले, गुडघे पोटाशी घेऊन, दोन्ही हात पुढे, विडी वळताना असतात तसे. त्यामुळे कण्याची कमान एका सलग रेघेत उतरली. एका तरुण मुलीने बोटे फाकवून कापडावर ठेवली. तिच्या अंगठ्याजवळचे पेर किंचित बाहेर झुकलेले होते, ते तिने स्वतः ठसा पाहिल्यावर प्रथम ओळखले. एकीने बांबूचे सूप पोटाशी धरले. सुपाच्या विणीतल्या बारीक फटींतून ऊन खाली गेले आणि तिच्या पोटाच्या जागी निळ्या ठिपक्यांचे एक घट्ट जाळे तयार झाले. नायलॉनच्या साडीचा पदर अर्धवट ऊन आत सोडतो, सुती पातळ जवळजवळ सोडत नाही, मोकळे केस कडेला धाग्यांसारखे उमटतात, हे सगळे बायकांनीच पाहून पाहून लक्षात घेतले आणि पुढच्या खेपेला कोण काय नेसणार याची चर्चा त्या आदल्या रात्रीच करू लागल्या. काहींनी परकर-पोलके ठेवले. काहींनी काहीच ठेवले नाही. ठशात तो फरक कळत नाही, कारण कातडीही ऊन अडवते आणि अंगाला चिकटलेले कापडही अडवते. या कामाचा सगळा धीटपणा या एका गोष्टीत आहे असे मी मानते.

उन्हात कापडाचा रंग पिवळ्याचा हिरवा, मग गडद निळा आणि शेवटी राखाडी-तपकिरी होतो. ऊन फेरिक लोहाचे फेरस करते, ते फेरीसायनाइडशी जुळते आणि न विरघळणारा प्रशियन निळा धाग्यात अडकून बसतो. सावलीतले रसायन तसेच राहते आणि पाण्यात निघून जाते. इथे सोलापूरची खरी अडचण उभी राहते. शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येते आणि असे एक कापड स्वच्छ व्हायला बादल्यांमागून बादल्या लागतात. बोअरचे पाणी जड, त्यात निळा रंग फिका पडण्याची भीती. आम्ही पहिल्या दोन पाण्यांत लिंबूसत टाकून बोअरचे पाणी वापरले आणि नळाचे साठवलेले पाणी फक्त शेवटच्या खळबळणीसाठी राखून ठेवले. औषधांच्या दुकानात मिळणारे हायड्रोजन पेरॉक्साइड थोडेसे बादलीत टाकले की निळा रंग डोळ्यांदेखत गडद होतो. ते टाकायचा मान प्रत्येकीने आपापल्या कापडासाठी घेतला.

कापडे तयार झाल्यावर ती दाखवायची कुठे, हा प्रश्न आला. शहरातल्या एका सभागृहाने आधी होकार दिला होता. नंतर कुणीतरी सांगितले की त्यात उघड्या बायका आहेत, आणि होकार मागे घेतला गेला. मला विचारले गेले ते एकच: "त्या वेळी अंगावर कपडे होते का?" मी सांगितले की ते कापड सांगत नाही आणि मीही सांगणार नाही. वकील असलेल्या एका परिचितांकडून मी कायदा समजून घेतला. अश्लीलतेचे कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत २९४ क्रमांकावर आहे आणि कला, साहित्य, विज्ञान व ज्ञान यांच्या हितासाठीच्या कामाला त्यात अपवाद ठेवलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अवीक सरकार प्रकरणात जुनी व्हिक्टोरियन कसोटी सोडून समाजाच्या समकालीन मापदंडाने कृती पाहावी, केवळ नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, असे म्हटले. मुंबईत चित्रकार अकबर पदमसी यांना १९५४ साली एका चित्रावरून अटक झाली होती आणि न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सत्तर वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, त्याच पदमसींची आणि फ्रान्सिस न्यूटन सूझा यांची चित्रे अश्लील ठरवून अडवण्याचा सीमाशुल्क खात्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाला रद्द करावा लागला. याच जिल्ह्यातल्या पंढरपुरात जन्मलेल्या एम. एफ. हुसेन यांच्यावरचे खटले दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ साली रद्द केले, तरी त्यांचा शेवट २०११ मध्ये लंडनमध्येच झाला. निकाल कलावंताच्या बाजूने लागतो, पण तोवर त्याचे आयुष्य खर्ची पडलेले असते. माझे काय व्हायचे ते होवो. या बायकांचे एक दिवसाचेही आयुष्य त्यात खर्ची पडू नये, अशी माझी भूमिका होती. म्हणून पत्रिका छापली नाही, बातमी दिली नाही, आणि एका बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये, माग भंगारात गेल्यावर मोकळ्या राहिलेल्या जागेत, तोंडोतोंडी निरोप देऊन कापडे टांगली.

शेडमध्ये वर लोखंडी अँगल होतेच. कापडे जमिनीपासून वीतभर उंच, उभी, एकमेकींच्या मागे टांगली, म्हणजे पाहणाऱ्याला त्यांच्यामधून चालावे लागेल. दारात टोपलीत फोन ठेवून आत यायचे. पहिला सगळा वेळ फक्त बायकांसाठी. त्या वेळेत शेडमध्ये इतका गलका झाला की बाहेर उभ्या असलेल्या पुरुषांना आत काय चालले आहे याची चिंता वाटू लागली. आत बायका कापडांना पाठ लावून उभ्या राहात होत्या, आपली कमान तिच्या कमानीशी जुळते का हे पाहात होत्या, आणि कोणते अंग कुणाचे याचे अंदाज बांधत होत्या. ज्यांची ती होती त्या गप्प राहून ऐकत होत्या आणि मजेत होत्या.

पुरुष आले तेव्हा वातावरण वेगळे झाले. एक वृद्ध माग कामगार बराच वेळ कापडाची किनारच तपासत राहिले, मग त्यांनी सावकाश नजर आत वळवली आणि कुशीवरच्या त्या आकृतीपुढे हात जोडले. एक तरुण संतापला. चादरीवर बाई काढून टांगणे म्हणजे घरातली अब्रू वेशीवर टांगणे आहे, असे तो मोठ्याने म्हणाला. त्याला मी उत्तर देणार तोच मागून एका मावशींचा आवाज आला: "अब्रू कुणाची रे? नाव सांग की मग." त्याला नाव सांगता येईना. ज्या आकृतीपुढे तो उभा होता ती त्या मावशींचीच होती, हे त्याला कळले नाही आणि आम्ही कुणी कळू दिले नाही. प्रक्षोभक म्हणतात ती कला बहुतेक वेळा पाहणाऱ्याला काहीतरी उघडे करून दाखवते. इथे पाहणारा उघडा पडला आणि बाई झाकलेली राहिली, आणि हे मला फार मोलाचे वाटते.

काही आठवड्यांनी एकीचा निरोप आला की घरात कुणीतरी ओळखले आहे आणि तिला तिचे कापड पुसायचे आहे. मी धुण्याचा सोडा घेऊन गेले. कोमट पाण्याच्या बादलीत मूठभर सोडा विरघळवून तिने स्वतः कापड आत दाबले. निळा रंग आधी जांभळट, मग फिका आणि थोड्याच वेळात पिवळसर झाला. लोहाचा पुसट डाग तेवढा उरला, आकृती ओळखू येईना. तिच्या दारातून मी बाहेर पडले तेव्हा ते कापड दोरीवर इतर धुण्यात मिसळून गेले होते. त्या बाईविषयी मला वाईट वाटले नाही, उलट अट कागदावरच राहिली नाही याचे समाधान वाटले. छायाचित्राच्या हजार प्रती फिरत राहतात आणि ज्याचे छायाचित्र आहे त्याला एकही परत घेता येत नाही. इथे प्रत एकच होती आणि ती पुसायचे साधन घराघरात होते.

दुसरीने हेच ऐकून वेगळे काही विचारले: पुसून पुन्हा उमटवता येते का? येते. सोड्याने फिके केलेले कापड हिरड्याच्या काढ्यात बुडवले की त्यातले टॅनिन उरलेल्या लोहाशी जुळते आणि निळ्याच्या जागी काळसर तपकिरी आकृती परत येते. रंगणीत हिरडा पूर्वीपासून वापरतात, त्यामुळे तिच्या सासूबाईंनीच काढा किती दाट हवा ते सांगितले. मात्र त्यासाठी सोड्यातून कापड वेळीच काढावे लागते, रंग पिवळा पडला की लगेच, आणि मध्ये पुष्कळ पाण्यातून खळबळून घ्यावे लागते, नाहीतर पांढरे भागही मळकट होतात. तिचे कापड आता काळे आहे आणि ती ते अंथरते.

शेडमधल्या त्या वृद्ध माग कामगारांनी पुढच्या थंडीत स्वतःचा ठसा घ्यायची इच्छा कळवली आहे. त्यांना निजायचे नाही. उभ्याने काम केले, उभ्यानेच उमटायचे असे त्यांचे म्हणणे आहे. उभ्या माणसाच्या पावलांचा तेवढा पांढरा ठसा आणि पुढे लांब पडलेली, सरकत राहिल्याने विरलेली सावली असे काहीतरी मिळेल. वीस मिनिटे ते स्थिर उभे राहू शकतील का, हे आधी साध्या कापडावर पाहायचे ठरले आहे, आणि अटींचा कागद त्यांनी तेलुगूतला मागून घेतला आहे.